मान वाकवू नका, पडदा वर घ्या!

मानदुखी हे काही नव्या जमान्याचे दुखणे नव्हे. शिलाई मशीनवर बसणाऱ्या भगिनी, सोनार, घड्याळदुरुस्ती करणारे कारागीर, उत्तरपत्रिकांचे गठ्ठे तपासणारे शिक्षक यांची मान पूर्वीपासून दुखत आली आहे. या यादीत अलीकडे एका मोठ्या वर्गाची भर पडली. जीएसटीची विवरणपत्रे भरणारे कर सल्लागार, पतसंस्थांतील कर्मचारी, ऑनलाइन अर्ज भरून देणारी केंद्रे चालवणारी मुले, आणि मार्च २०२० च्या टाळेबंदीनंतर पुण्या-मुंबईच्या कंपनीचे काम गावी राहून करू लागलेले तरुण-तरुणी. या सगळ्यांच्या पुढ्यात दिवसाचे आठ-आठ, दहा-दहा तास एकच वस्तू असते, ती म्हणजे लॅपटॉप.

तक्रारीही ठरावीक असतात. दुपारनंतर मान आखडते, खांदे भरून येतात, डोळे चुरचुरतात, संध्याकाळी कपाळ ठणकते. मग सुरुवातीला बाम, नंतर वेदनाशामक गोळ्या, मानेला पट्टा, एक्स-रे, आणि शेवटी "मणक्यात गॅप आली आहे" असे कोणीतरी सांगितले म्हणून एम.आर.आय. पर्यंत मजल जाते. चष्म्याचा नंबरही दोनदा तपासून होतो. एवढा खर्च होतो, पण घरातल्या टेबलावर लॅपटॉप किती उंचीवर ठेवला आहे हे मात्र कोणी पाहत नाही.

लॅपटॉप म्हणजे शब्दशः मांडीवरचा संगणक. प्रवासात किंवा एखाद्या बैठकीत तासभर वापरण्यासाठी ही सोय उत्तम आहे. परंतु दिवसभराच्या कामासाठी तिच्यात एक मूळचाच दोष आहे. त्याचा पडदा आणि कळफलक एकमेकांना बिजागरीने जोडलेले असतात. कळफलक हातांना सोयीच्या उंचीवर ठेवला, तर पडदा फार खाली जातो आणि मान वाकते. पडदा डोळ्यांसमोर यावा म्हणून लॅपटॉप उचलला, तर कळफलक वर जातो आणि खांदे उचलून टंकलेखन करावे लागते. दोन्ही सुखे एकाच वेळी मिळत नाहीत.

हे घरच्या घरी मोजून पाहता येईल. आपल्याकडील टेबल साधारण ७५ सेंटिमीटर उंच असते. मध्यम उंचीचा माणूस खुर्चीवर ताठ बसला, की त्याचे डोळे टेबलाच्या पृष्ठभागापासून ४० ते ४५ सेंटिमीटर वर येतात. चौदा इंची लॅपटॉपच्या पडद्याची वरची कड मात्र जेमतेम २० ते २२ सेंटिमीटरवर संपते. म्हणजे नजर आणि पडदा यांत चांगली वीतभर तफावत राहते. ती भरून काढण्याचे काम बिचारी मान करते.

माणसाचे डोके साधारण साडेचार ते पाच किलो वजनाचे असते. ते खांद्यांच्या बरोबर वर तोललेले असेल तर मानेला फारसे कष्ट पडत नाहीत. पाण्याने भरलेली कळशी छातीशी धरली तर पेलते, तीच हात लांब करून धरली तर दोन मिनिटांत हात भरून येतो. डोक्याचेही तसेच आहे. न्यूयॉर्कमधील मणक्यांचे शल्यविशारद केनेथ हंसराज यांनी २०१४ साली याचे गणित मांडले. मान १५ अंशांनी वाकली की तिच्यावर सुमारे १२ किलोचा भार येतो, ३० अंशांना १८ किलो, ४५ अंशांना २२ किलो, तर ६० अंशांना तब्बल २७ किलो. हे गणित संगणकावरील प्रतिकृतीवर केलेले आहे, प्रत्यक्ष माणसांच्या मानेत काटा बसवून नव्हे. तेव्हा हे आकडे वेदवाक्य मानण्याचे कारण नाही, आणि वाकलेल्या प्रत्येक मानेला आजार होतोच असेही नाही. पण स्नायूंना जादा काम पडते एवढे खरे, आणि ते काम तासन्‌तास न हलता करावे लागते ही त्याहून वाईट गोष्ट.

आधी दिवाळी अंक, मग दुकान

यावर उपाय म्हणजे पडदा आणि कळफलक यांची ताटातूट करणे. त्यासाठी वेगळा मॉनिटर घ्यावा, हे ओघाने आलेच. परंतु दुकानात जाण्यापूर्वी एक प्रयोग आम्ही प्रत्येकाला करायला सांगतो. घरातल्या जुन्या दिवाळी अंकांची चळत रचून लॅपटॉप तिच्यावर ठेवावा. त्याच्या पडद्याची वरची कड डोळ्यांच्या रेषेत, किंवा किंचित खाली आली पाहिजे. आता लॅपटॉपच्या कळा वापरायच्या नाहीत. वेगळा साधा की-बोर्ड आणि माऊस जोडून ते टेबलावर कोपरांच्या उंचीला ठेवायचे. ही जोडी हजार रुपयांच्या आत मिळते. पंधरा दिवस असे काम करून पाहावे. अनेकांची मान एवढ्यावरच सैल पडते. अशांना मॉनिटरची घाई करण्याचे कारण नाही.

पंधरा दिवसांनी मान बरी आहे, पण अक्षरे बारीक दिसतात म्हणून आपण पुढे झुकतो असे लक्षात आले, किंवा एका बाजूला बिले आणि दुसऱ्या बाजूला विवरणपत्र उघडून काम करावे लागत असेल, तर मॉनिटर अवश्य घ्यावा. मात्र लॅपटॉपसोबत बॅगेत नेता येतो असा पंधरा इंची सुटा पडदा अलीकडे मिळतो, त्याच्या मोहात पडू नये. तोही टेबलावर तितकाच खाली बसतो. मान जिथल्या तिथे.

केवढा घ्यावा?

दुकानात गेल्यावर पहिला प्रश्न आकाराचा येतो आणि बहुतेकांचा कल "मोठा तेवढा चांगला" असा असतो. दूरचित्रवाणी संच घेताना हे ठीक आहे, कारण तो आपण खोलीच्या दुसऱ्या टोकाला ठेवतो. मॉनिटर हातभर अंतरावर असतो. अमेरिकेतील कामगार सुरक्षा खात्याच्या मार्गदर्शनानुसार डोळे आणि पडदा यांत २० ते ४० इंच अंतर असावे. साधी खूण अशी, की खुर्चीला पाठ टेकवून बसावे आणि हात समोर लांब करावा. बोटांची टोके पडद्याला टेकली पाहिजेत. या अंतरावर २४ इंची पडदा बहुतेकांना पुरतो. तो सुमारे ५३ सेंटिमीटर रुंद आणि ३० सेंटिमीटर उंच असतो, आणि मान न वळवता नुसत्या नजरेने सगळा वाचता येतो. शिवाय त्याच्या नेहमीच्या स्टँडवर वरची कड टेबलापासून चाळीसएक सेंटिमीटरवर येते, म्हणजे वर सांगितलेल्या मापात आपोआप बसते.

२७ इंची पडदाही चालतो, पण टेबल खोल हवे. टेबलाची खोली दीड फूटच असेल आणि मागे भिंत असेल, तर एवढा मोठा पडदा नाकासमोर येतो आणि दोन्ही कोपऱ्यांतले वाचायला मान सतत डावी-उजवीकडे फिरवावी लागते. बुटक्या व्यक्तींना तर त्याची वरची कड डोळ्यांच्याही वर जाते.

त्यापेक्षा महत्त्वाचा, आणि दुकानात क्वचितच विचारला जाणारा प्रश्न अक्षरांच्या रेखीवपणाचा आहे. पडद्यावरील चित्र बारीक ठिपक्यांचे बनलेले असते. बाजारात ज्याला 'फुल एचडी' म्हणतात त्यात आडवे १९२० आणि उभे १०८० ठिपके असतात. हेच ठिपके २४ इंचांत बसवले तर दर इंचाला सुमारे ९२ येतात, २७ इंचांत पसरले तर ८२ च. म्हणजे पडदा मोठा झाला, पण अक्षरे भरड झाली. इंग्रजी अक्षरांचे एक वेळ निभते. आपल्या देवनागरीत अनुस्वार, रफार, वेलांट्या, जोडाक्षरे असा बारीक कारभार असतो. सातबाऱ्याच्या उताऱ्यावरील एखादे आडनाव वाचताना अनुस्वार आहे की नाही याची शंका आली, की माणूस नकळत पुढे झुकतो, डोळे बारीक करतो. हीच कृती दिवसातून शेकडो वेळा घडते आणि संध्याकाळी कपाळ दुखते. सबब, २४ इंचांपर्यंत फुल एचडी ठीक आहे. २७ इंची हवाच असेल तर २५६० गुणिले १४४० ठिपक्यांचा घ्यावा. तो दर इंचाला १०९ ठिपके देतो. त्याला पैसे बरेच जास्त पडतात, म्हणूनच २४ इंची हा सर्वसाधारण कुटुंबाला परवडणारा सुवर्णमध्य आहे. आणि कोणताही घेतला तरी संगणकाच्या सेटिंगमध्ये अक्षरांचा आकार सव्वापट किंवा दीडपट करता येतो. ही सोय फुकट आहे. ती वापरण्यात कमीपणा मानू नये.

"घरात ३२ इंची टीव्ही पडून आहे, तोच जोडला तर?" असे बरेच जण विचारतात. जुने ३२ इंची संच बहुधा १३६६ गुणिले ७६८ ठिपक्यांचे असतात, म्हणजे दर इंचाला ५० सुद्धा नाहीत. त्यावर सिनेमा छान दिसतो, कारण तो आपण आठ फुटांवरून पाहतो. हिशेबाचे आकडे दोन फुटांवरून वाचायला तो पडदा नाही.

स्टँडकडे पाहा

दुकानदार पडद्याचे रंग दाखवतो, गिऱ्हाइकाने त्याच्या पायाकडे पाहावे. स्वस्त मॉनिटरचा स्टँड फक्त पुढे-मागे कलतो, वर-खाली होत नाही. ज्या घरात एकच टेबल दिवसा वडील आणि रात्री बारावीची मुलगी वापरते, तिथे वर-खाली होणारा स्टँड हीच खरी चैन. तो परवडत नसेल तर मॉनिटरच्या पाठीवर चार स्क्रूंची भोके आहेत का ते बघावे. ती एकमेकांपासून ७५ किंवा १०० मिलिमीटर अंतरावर असतात आणि त्यांना 'व्हेसा' मापाची भोके म्हणतात. ती असली की पुढे कधीही टेबलाला अडकवण्याचा हात किंवा भिंतीवरचा कंस बसवता येतो. तेही नको असेल तर सुतारफळीचा ठोकळा आहेच.

उंचीच्या बाबतीत उलटी चूकही होते, आणि ती जास्त त्रास देते. एका कर सल्लागारांनी, वय पन्नाशीच्या आसपास, मानेसाठी म्हणून मोठा मॉनिटर आणला आणि हौसेने फाइलींच्या कपाटावर चढवला. महिनाभरात दुखणे कमी होण्याऐवजी वाढले, आता ते मानेच्या मागच्या बाजूला कवटीच्या बुडाशी होते. कारण त्यांच्या चष्म्यात होते. चाळिशीनंतर लागणाऱ्या दुहेरी किंवा प्रोग्रेसिव्ह चष्म्यात जवळचे पाहण्याचा भाग काचेच्या खालच्या बाजूस असतो. उंच पडदा त्या भागातून वाचायचा, तर हनुवटी वर करून मान मागे मोडावी लागते. त्यांचा पडदा चार बोटे नव्हे, चांगला वीतभर खाली आणला आणि किंचित मागे कलता केला, तेव्हा फरक पडला. असा चष्मा असणाऱ्यांनी वर दिलेल्या नियमापेक्षा पडदा आणखी खाली ठेवावा. दिवसभर संगणकच असेल तर नेत्रतज्ज्ञांना पडद्याचे अंतर इंचांत मोजून सांगावे आणि त्या अंतराचा वेगळा चष्मा करून घ्यावा. वाचनाचा नंबर साधारण सव्वा फुटासाठी असतो, पडदा दोन फुटांवर असतो. तोच चष्मा दोन्हीला लागू पडेलच असे नाही.

पडदा फार वर नको याला डोळ्यांचेही एक कारण आहे. १९९३ साली जपानमधील त्सुबोता आणि नाकामोरी या डॉक्टरांनी पापण्यांची उघडझाप मोजली. निवांत बसलेला माणूस मिनिटाला सरासरी २२ वेळा, पुस्तक वाचताना १० वेळा, तर संगणकाच्या पडद्याकडे पाहताना अवघी ७ वेळा पापणी मिटत होता. पापणी मिटली की डोळ्यावर अश्रूंचा ताजा थर पसरतो. ती मिटली नाही की डोळा कोरडा पडतो. त्यातच पुस्तक वाचताना नजर खाली असल्याने डोळा अर्धा झाकलेला असतो, पडदा समोर किंवा वर असला की सताड उघडा. वरून पंख्याचा झोत आला, की चुरचुर ठरलेलीच. म्हणून पडद्याचा मध्य नजरेच्या रेषेपेक्षा खालीच हवा, १५ ते २० अंशांनी.

चकाकी, लुकलुक आणि निळ्या प्रकाशाचा बागुलबुवा

पडद्याचा पृष्ठभाग चकचकीत नको, मंद हवा. बंद मॉनिटरसमोर उभे राहून आपला चेहरा आरशासारखा दिसतो का, एवढे पाहिले की पुरे. घरी आणल्यावर तो खिडकीच्या समोर किंवा खिडकीकडे पाठ करून ठेवू नये. तोंड पूर्वेला असावे की उत्तरेला हा प्रश्न वास्तुशास्त्राचा. डोळ्यांच्या शास्त्राला एवढेच हवे की खिडकी एका बाजूला असावी. उजेड इतपत ठेवावा, की पडद्याशेजारी धरलेला पांढरा कागद आणि पडद्यावरचे कोरे पान जवळपास सारखेच उजळ दिसतील. नवे मॉनिटर दुकानातून पूर्ण उजेडावर येतात आणि वर्षानुवर्षे तसेच चालतात. रात्री तो दिवा डोळ्यांत घातल्यासारखाच असतो.

काही मॉनिटर उजेड कमी करण्यासाठी आतला दिवा अतिशय वेगाने चालू-बंद करतात. डोळ्यांना ते जाणवत नाही, पण काही लोकांचे डोके त्याने दुखते. खोक्यावर 'फ्लिकर-फ्री' लिहिलेले असेल तर असा मॉनिटर आधी निवडावा. शंका असल्यास उजेड कमी करून मोबाइलच्या कॅमेऱ्यातून पडदा पाहावा. काळे पट्टे सरकताना दिसले तर दुसरा मॉडेल मागावा. आत कोणता पडदा आहे, यावरही दुकानात बरीच चर्चा होते. 'आयपीएस' जातीचा घ्यावा, त्यात बाजूने पाहिले तरी रंग आणि अक्षरे फिकी पडत नाहीत. बाकीचा तपशील खेळ खेळणाऱ्यांनी पाहावा. गोलाई दिलेल्या वक्र पडद्यासाठी २४ इंचांत जादा पैसे देण्याची काहीच गरज नाही.

निळ्या प्रकाशाची भीती घालून खास काचा खपवल्या जातात. कॉक्रेन या संस्थेने २०२३ साली १७ अभ्यासांचा आढावा प्रसिद्ध केला. निळा प्रकाश अडवणाऱ्या चष्म्यांमुळे डोळ्यांचा थकवा साध्या चष्म्यापेक्षा कमी होतो असे त्यात दिसून आले नाही. ते पैसे चांगल्या खुर्चीत घालावेत. पूर्वीच्या पेटीसारख्या मॉनिटरसमोर काळी जाळी लावत, तीही आता नको. झोपण्यापूर्वी तासभर पडदा बंद करावा, हे मात्र खरे औषध. आणि दर २० मिनिटांनी २० सेकंद २० फुटांवरच्या वस्तूकडे पाहावे. पाण्याचा तांब्या मुद्दाम दुसऱ्या खोलीत ठेवला तर उठणे आपोआप होते.

घरी आणल्यावर

खरेदीपूर्वी आपल्या लॅपटॉपच्या कडेला कोणती भोके आहेत, त्याचा मोबाइलवर फोटो काढून न्यावा. बहुतेक लॅपटॉपना 'एचडीएमआय' असते आणि ते पुरते. नव्या, पातळ लॅपटॉपना फक्त लहान लंबगोल 'यूएसबी-सी' असते. त्यातून चित्र जातेच असे नाही. काहींतून केवळ चार्जिंग आणि फाइली जातात. हे लॅपटॉपच्या माहितीपत्रकात पाहावे, दुकानदाराच्या शब्दावर जाऊ नये. विजेची चिंता नको. २४ इंची मॉनिटर वीस-पंचवीस वॅटमध्ये चालतो आणि घरच्या इन्व्हर्टरवर सहज ओढला जातो. खोक्यावर भारतीय मानक ब्युरोच्या नोंदणीची खूण आणि 'आर' ने सुरू होणारा क्रमांक आहे ना, ते पाहून घ्यावे.

दोन्ही पडदे वापरणार असाल तर मोठा बरोबर नाकासमोर हवा आणि लॅपटॉप बाजूला. दोन्हींच्या मध्ये बसून कायम तिरपे पाहणारे लोक पुढे एकाच बाजूची मान धरून येतात. खुर्चीवर बसल्यावर पाय अधांतरी राहत असतील तर खाली पाट ठेवावा.

हे सर्व करून चार-सहा आठवड्यांत आराम पडला नाही तर डॉक्टरांना दाखवावे. काही लक्षणांत मात्र एवढे थांबूच नये. दुखणे मानेतून हातात उतरत असेल, बोटांना मुंग्या किंवा बधिरपणा येत असेल, हातातून कप निसटत असेल, चालताना तोल जात असेल, ताप किंवा वजन घटण्यासोबत मान दुखत असेल, तर पडद्याची उंची मोजत बसू नये. त्याच आठवड्यात तपासणी करून घ्यावी. एका डोळ्याने अचानक अंधुक दिसणे, डोळ्यापुढे विजा चमकणे किंवा काळे ठिपके एकाएकी वाढणे यासाठी तर त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञांकडे जावे. मान आखडली आणि त्याबरोबर छातीत दडपण व घाम असेल, तर तो प्रकार हृदयाचा असू शकतो आणि तेव्हा मिनिटे मोजायची असतात.

मॉनिटर लावल्यावर पहिल्याच दिवशी पूर्ण पांढरे आणि मग पूर्ण काळे चित्र उघडून एखादा ठिपका मेलेला तर नाही ना, हे पाहावे. असल्यास लगेच दुकानात कळवावे. पावती मॉनिटरच्या खोक्यातच ठेवावी, आणि थर्माकोलसह ते खोके निदान महिनाभर तरी माळ्यावरून रद्दीवाल्याकडे जाऊ देऊ नये.